नकाशावरचं कोरं घर

अडतीस सालची दिवाळी होऊन शाळा भरली, त्याच दिवशी जयराम मास्तरांनी आमच्या आयाबापांना शाळेत बोलावलं. अशी रीत आमच्या पळसटेंभ्याला नव्हती. शाळेत बोलावणं म्हणजे पोरानं काहीतरी केलं, एवढंच लोकांना ठाऊक. माझा बाप भाताची झोडणी अर्धी टाकून आला, अंगाला तूस चिकटलेलं, आणि येता येता मला विचारत होता, "खरं सांग जिवले, काय मोडलंस गो?"

मी सहावीत होते. पाचवी, सहावी, सातवी मिळून आम्ही एकोणीस जण एकाच खोलीत बसायचो, त्यात मुली तीन. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या वाटेवर सातवीपर्यंतची शाळा म्हणजे आमचीच. जयराम मास्तर जूनमध्ये आले होते. भिवंडीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, पुण्याला ट्रेनिंग घेतलेले, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. बोलायला लागले की खडू हातातल्या हातात मोडायचे.

त्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. एप्रिलपर्यंत वरच्या तीन इयत्ता काय काय शिकणार ते त्यावर लिहिलेलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. मराठीत पोरं अर्ज लिहायला शिकतील. गणितात शेकडेवारी. भूगोलात आपल्या गावाचा नकाशा काढतील. इतिहासात गावची विहीर कुणी बांधली, कधी बांधली ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढतील. सृष्टिज्ञानात पाणी आणि पाण्यातले जीव.

"आणि आरोग्यात," मास्तर म्हणाले, "नारू."

एका म्हातारीनं कानावर हात ठेवले. नारूचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. नाव घेतलं की तो घर शोधत येतो, असं म्हणायचे. ज्याच्या पायातून तो पांढरा दोरा निघे, त्याच्या घरी "पाय धरलाय" एवढंच बोलायचं.

महिपत पाटील पुढेच बसले होते. ते उठले. "मास्तर, पोरांना अक्षर शिकवा, हिशेब शिकवा. रोगाचं नाव शाळेत कशाला?"

"पाटील, मी आलो तेव्हापासून नऊ पोरांची शाळा या रोगानं बुडलीय. मग शाळेत नाही तर कुठे काढू नाव?"

पाटील खाली बसले. विहिरीच्या इतिहासाचं ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, कारण ती पायऱ्यांची विहीर त्यांच्या आज्यानं बांधलेली. बावीस पायऱ्या, काळ्या दगडाच्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बाया खालच्या पायरीवर उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. आमच्या गावाला दुसरं पाणी म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला डवरा, तोही माघातच गढूळ व्हायचा.

सत्र सुरू झालं. काठीनं आणि पावलांनी मोजून आम्ही गाव कागदावर उतरवलं. घरं एक्केचाळीस. पाटलांचा रघू माझ्याच वर्गात होता, त्याच्याकडे वरची आळी आली, माझ्याकडे खालची. शेकडेवारी मला पहिल्यांदा अजिबात कळली नाही. मग मास्तरांनी विचारलं, "शंभर बाया विहिरीवर आल्या, त्यातल्या पंचवीस लंगडत गेल्या, तर?" तेव्हा कळली. इतिहासाच्या वेळी पाटलांनी आम्हाला ओटीवर बसवून गूळ दिला आणि आज्यानं मुरबाडहून पाथरवट कसे आणले ते सांगितलं. ते दिवस फार बरे होते.

माघात मास्तर एका रविवारी चालत शहापूरला गेले. बाजारातल्या घड्याळजीकडून त्यांनी त्याचं भिंग उसनं आणलं, ते डोळ्याला लावायचं असतं ना, तसलं. सोमवारी सृष्टिज्ञानाच्या तासाला त्यांनी मला विहिरीचं ताजं पाणी आणायला लावलं. काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला खिडकीत उन्हात ठेवला.

"काय दिसतं?"

"पाणी," आम्ही म्हणालो.

"नीट बघा."

नीट बघितलं तर बारीक पांढरे ठिपके. वाऱ्यानं धूळ उडावी तसे. पण धूळ अशी झटके देत उडत नाही. थांबत होते, उसळत होते, पुन्हा थांबत होते. मग मास्तरांनी एका काचेवर थेंब घेतला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी डोळा लावला आणि ओरडून मागे सरले. त्या थेंबात जनावर होतं. अंग थेंबासारखंच, मागे फाटलेली शेपटी, शेपटीपाशी दोन थैल्या लोंबत होत्या. आणि कपाळाच्या जागी एकच काळा डोळा. ते हललं.

"हे आपण पितो?" रघूनं विचारलं.

"रोज," मास्तर म्हणाले.

सातवीतला एक मुलगा बाहेर धावला आणि भडभडून ओकला. आम्ही हसलो नाही. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. बाया डोक्यावरचे भारे घेऊन तशाच शाळेच्या दारात आल्या. एकेकीनं भिंगातून बघितलं. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी मास्तरांना शिव्या घातल्या की त्यांनीच काहीतरी पाण्यात टाकलं असेल. तेव्हा मास्तरांनी त्यांच्याच घरच्या घागरी मागवल्या आणि त्यांतलं पाणी त्यांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्याच्या तासाला त्यांनी सगळं उकलून सांगितलं. हा जीव आपल्याला काही करत नाही. पण तो नारूची पिल्लं खातो, आणि तो आपण पाण्याबरोबर गिळतो. पिल्लू पोटात मोकळं होतं, अंगात वाढतं, हात-दीड हात लांब होतं, आणि वर्षानं पायातून बाहेर येतं.

"वर्षानं?" मी विचारलं.

"आज प्यालेलं पाणी पुढच्या माघ-फाल्गुनात दिसतं. म्हणून तर कुणाच्या ध्यानात येत नाही."

"पण पिल्लं पाण्यात येतात कुठून?"

मास्तरांनी फळ्यावर पाय काढला, घोट्यापाशी फोड काढला. "फोडाची आग होते. माणूस पाय पाण्यात बुडवतो, म्हणजे बरं वाटतं. पाणी लागलं की नारू तोंड काढतो आणि पिल्लं सोडतो. हजारांनी."

आठ दिवसांपूर्वीच मी बघितलं होतं. भाताच्या रोपांची जमीन भाजायला राबाच्या ढाळ्या तोडून आई आली होती, आणि भारा टाकून सरळ विहिरीवर गेली. खालच्या पायरीवर बसली, घोट्याला गुंडाळलेली चिंधी सोडली आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटून घेतले. मी वरून हाक मारली तर म्हणाली, "काटा मोडलाय करवंदीचा. आग होते गो नुसती. जरा बसू दे."

त्या दिवशी शाळेतून घरी आले तेव्हा आई चुलीपाशी होती. मी विचारलं, "आये, पाय दाखव."

"कशाला?"

"दाखव ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. शाळेत काय शिकवलं ते तिलाही कळलं होतं, सगळ्या गावाला कळलं होतं. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"काटा हाय. कुणी विचारलं तर काटाच सांग. समजलं?"

आई माझ्यावर कधी आवाज चढवत नसे. त्या वेळीही तिचा आवाज चढला नव्हता, पण मी पुढे विचारलं नाही.

मग गणितात आम्हाला काम लागलं. तीन वर्षांत ज्या घरात नारू निघाला, त्या घरावर नकाशात तांबडं टिंब द्यायचं, आणि शेकडा किती घरं ते काढायचं. मी खालच्या आळीत दारोदार फिरले. लोक खोटं बोलले असतील, मीही बोलले. माझ्या घराशी आले आणि तांबडी पेन्सिल उचलली नाही. रघूनं त्याची आळी भरली. एक्केचाळीसांत सतरा टिंबं झाली. शेकडा साडेएक्केचाळीस. मास्तरांनी "शाबास" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गावात गणित निराळंच चाललं होतं. पाणी नासवतं कोण, एवढाच प्रश्न लोकांनी उचलला. बाया विहिरीवर एकमेकींच्या पायांकडे बघू लागल्या. कुणी घोटा झाकला की कुजबुज. आणि आठवड्याभरात सगळ्यांची बोटं सकुबाईकडे वळली.

सकुबाई आमच्या आळीच्या टोकाला एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. डाव्या पायानं लंगडायची. ती माहेरी खर्डीला गेली की माझ्यासाठी जांभळं आणायची.

होळीला चार दिवस राहिले होते. सकाळी मी पाण्याला गेले तर विहिरीवर बाया गोळा झालेल्या. सकुबाई वरून पाचव्या पायरीवर घागर कमरेवर घेऊन उभी, आणि वाट कुणी देत नव्हतं.

"उतरू नको, सकू," एक आवाज आला. "तुझ्या पायानं आमची पोरं मरायची."

तो आवाज माझ्या आईचा होता.

मी गर्दीतून पुढे झाले तर खरंच आई. घोट्याला चिंधी बांधलेला पाय दुसऱ्या पायामागे लपवून उभी. सकुबाई म्हणाली, "गुणा, तू बोलतस हे? माझा पाय कसा मोडला ते तुला नाय ठाऊक?" आईनं मान फिरवली. मग मागून कुणीतरी दगड मारला. तो घागरीला लागला. मातीची घागर सकुबाईच्या कमरेवरच फुटली, एक खापरी तिच्या दंडात घुसली आणि रक्त आलं. ती रडली नाही. खापऱ्या पायरीवर तशाच टाकून ती लंगडत वर आली, माझ्या अंगावरून गेली.

मी आईकडे बघत राहिले. माझ्या आईनं असं करावं? तिनं माझा हात धरला तर मी झटकला. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पाटलांनी शाळेपुढे गाव जमवलं. सकुबाईनं विहिरीवर यायचं नाही, डवऱ्यातलं पाणी प्यायचं, असं ठरवायचं होतं. आम्हा पोरांनाही मास्तरांनी बाहेर बसवलं होतं. मास्तर उभे राहिले.

"हे काय करताय तुम्ही? त्या बाईचा पाय कुणी बघितला का?"

"बघायचं काय?" पाटील म्हणाले. "तुमीच पोरांना शिकवलंत, दुखरा पाय पाण्यात गेला की विहीर नासते. आमी तुमचंच ऐकतोय."

मी मास्तरांचा चेहरा असा उतरलेला त्याआधी बघितला नव्हता. "मी हे नाही शिकवलं," ते म्हणाले, पण इतक्या हळू की मागच्यांना ऐकूसुद्धा गेलं नसेल. "मी... पाण्यात उतरू नका एवढंच. कुणीच उतरू नका."

लोक आपापसात बोलायला लागले. कुणी त्यांच्याकडे बघेना. ठराव होणार हे दिसत होतं.

मी उठले. नकाशा शाळेच्या दारावर टाचलेला होता. मी जाऊन त्याच्याशी उभी राहिले आणि आमच्या घरावर बोट ठेवलं.

"हे घर कोरं हाय," मी म्हणाले. "ते मी खोटं केलंय. इथं टिंब पायजे."

बाप अर्धवट उठला. "जिवले, बस खाली."

"माझ्या आयेच्या पायाला हाय. ती पाय पाण्यात सोडून बसली होती, मी बघितलंय. सकुबाईच्या पायाला काही नाय."

बापानं माझ्याकडे यायला पाऊल उचललं. तो मला मारणार होता, आणि मी डोळे मिटून घेतले. पण मार बसला नाही. डोळे उघडले तर आई पुढे आली होती. ती सगळ्यांच्या मधोमध खाली बसली आणि चिंधी सोडायला लागली. गाठ सुटेना, तिनं दातांनी तोडली. घोट्याच्या वर लाल, टरटरलेला फोड, आणि त्यातून बोटभर पांढरा दोरा बाहेर आलेला.

"सकूचा पाय आंब्यावरून पडून मोडलाय," आई म्हणाली. "आमी दोघी एकाच झाडावर होतो. बारा वर्षं झाली. सगळ्या गावाला ठाऊक हाय. मला भ्याव वाटलं, म्हणून मी बोलले."

मग पोरांतून रघू उठला. तो बापाकडे बघतच नव्हता. "आमच्या घरावर पण टिंब नाय," तो म्हणाला. "आत्याला दोन साल झाली निघतोय."

महिपत पाटलांनी पोराकडे असं बघितलं, जणू त्याला ओळखतच नाहीत. इतक्यात एका बाईनं आपला पाय पुढे केला. मग एका गड्यानं धोतर गुडघ्यावर सरकवून जुना वण दाखवला. मग आणखी कुणी. मास्तर एकदम भानावर आले आणि म्हणाले, "रघू, पेन्सिल." रघूनं टिंबं द्यायला सुरुवात केली. दिवस मावळायच्या आत सत्तावीस झाली. एक्केचाळीसांत सत्तावीस. शेकडा किती ते त्या दिवशी कुणी काढलं नाही.

मास्तर तिथून थेट सकुबाईच्या घरी गेले. मीही मागे गेले. दार आतून लावलेलं होतं. मास्तर दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. मी अर्धंच शिकवलं." दार उघडलं नाही.

पुढचं भराभर झालं. मराठीच्या तासाला आम्ही लोकल बोर्डाला अर्ज लिहिला, विहिरीला कप्पी मिळावी आणि पायऱ्या बंद व्हाव्यात म्हणून. एकोणीस जणांचे एकोणीस अर्ज, त्यातला बरा निवडला. उत्तर यायला वर्ष लागलं. तोवर लोक थांबले नाहीत. सागाचा वासा विहिरीवर आडवा टाकला, मुरबाडहून कप्पी आणली. पायऱ्यांवर आधी करवंदीची काटेरी जाळी टाकली, मग दगड रचले. पाटील दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन वर उभे राहिले, आज्याच्या पायऱ्या बुजताना बघत. हात लावला नाही, पण अडवलंही नाही. आणि घरोघर पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला लागले.

आईचा नारू मात्र तुटला. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा असतो, तिनं घाईनं ओढला. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला. बाप आणि मास्तर तिला गाडीत घालून शहापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. वीस दिवसांनी ती परत आली ती घोटा आखडलेलाच घेऊन. तो शेवटपर्यंत वळला नाही. मी सगळ्यांसमोर बोलले त्याबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि चांगलं केलंस असंही कधी म्हणाली नाही.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा घरोघर नारू निघाला. लोक संतापले, पायऱ्या बुजवून काय मिळालं म्हणून. मास्तर सांगत होते की हे बंद करायच्या आधीचं पाणी आहे, तर कुणी ऐकेना. मग चैत्रात एके सकाळी मास्तर शाळेत आले ते खुर्चीत बसेनात. धोतर वर करून त्यांनी आम्हाला पोटरी दाखवली. फोड आला होता. आम्ही सगळी पोरं हबकून बघत राहिलो. मास्तर इथे आले त्या वर्षी विहिरीचंच पाणी प्यायले होते, तेही न गाळता. "चला," ते म्हणाले, "शाळेवरही टिंब द्या." त्यांच्या पायाचं ऐकून लोकांचा राग ओसरला. त्याच्या पुढच्या वर्षी गावात दोनच निघाले. मग एकही नाही.

घागर फुटली त्याच उन्हाळ्यात सकुबाईला पाटलांनी स्वतः निरोप पाठवला होता की विहिरीवर ये. ती आली नाही. वैशाखभर तिनं डवऱ्यातलंच पाणी भरलं, आणि पाऊस लागायच्या आत घर बंद करून खर्डीला भावाकडे निघून गेली.

मी सातवी पास झाले आणि त्रेचाळीस साली खर्डीजवळच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात सकुबाईचं घर विचारत गेले. ती ओटीवर नाचणी निवडत होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला.

"मी तुझ्या बाजूनं बोलले होते," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे, चार वर्षं तेच तोंडात घोळवत होते.

"बोललीस गो," ती म्हणाली. "घागर फुटल्यावर."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग विचारलं, "गुणाचा पाय कसा हाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वळत नाही, जिना चढवत नाही, उकिडवं बसता येत नाही. ती ऐकत राहिली.

"आण तिला एकदा," म्हणाली.

त्या दिवाळीच्या तोंडावर बापानं आईला बैलगाडीनं आणून सोडलं. मी शाळेतून आले तेव्हा दोघी सकुबाईच्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. एकीचा गुडघा वाकत नव्हता, एकीचा घोटा. बोलणं कुणाच्या तरी सुनेचं आणि यंदाच्या भाताचं चाललं होतं. मी आत जाऊन चहा टाकला.